सकाळचंच गाणं
त्या हंगामात एक नाचाचं गाणं उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजायचं. मला तर त्याचा वीट आला होता. कोऱ्हाळ्यात ताईच्या लग्नातही सकाळी नवरदेवाच्या मिरवणुकीत बँडनं तेच वाजवलं आणि पोरं त्याच्यावर नाचली.

बँडमध्ये एक म्हातारा क्लॅरिनेटवाला होता. फुंकण्याआधी तो दरवेळी लाल कोटाच्या बाहीनं क्लॅरिनेटचं तोंड पुसायचा. पाठवणीच्या वेळी त्यानं ढोलवाल्यांना हातानंच थांबवलं आणि डोळे मिटून एकट्यानं काहीतरी संथ वाजवलं. दिवसभर आचाऱ्यांवर ओरडणारे आमचे वडील मांडवाच्या खांबाला धरून रडले.

ताईची गाडी गेल्यावर मी त्या क्लॅरिनेटवाल्याला विचारलं, "तात्या, हे कुठलं गाणं?"

"तेच की, सकाळचं. नाचताना कोण ऐकतंय व्हय?"

अजूनही लग्नात ते गाणं लागलं की सगळे नाचायला उठतात. मी मांडवाबाहेर येऊन ताईला फोन लावतो.