सर खरं काय म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. मनात आलं नाही असं नाही. पण सांगायला बसले की मी भलतंच सांगू लागते. पळस कसा फुलला होता, तलावावर पाखरं किती होती. बघा, आजही तिथूनच सुरुवात होतेय.

मी तेव्हा सिंदेवाहीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. माझे यजमान मनोहर — त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, इथं लिहितानाच काय ती — सरकारी कचेरीत कारकून. नव्वद सालानंतरची ती वर्षं. रविवार आला की आम्ही राजदूत मोटारसायकलवर निघायचो. पाठीला पॅड, मांडीवर रंगांची पिशवी, डब्यात तांदळाची भाकर आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. नागभीडकडचे तलाव, मूलच्या वाटेवरचं सागाचं जंगल, धान कापल्यावर उघड्या पडलेल्या बांध्या, गडचिरोलीच्या अलीकडची वैनगंगेची वाळू — कुठं कुठं गेलो! चैत्रात मोहाखाली बसलं की वासानं डोकं जड व्हायचं. फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून माझ्यामागे उभ्या राहायच्या.

एकदा एकीनं घाबरून विचारलं, "धरनाची मोजनी करून राह्यले का जी?"

"नाई माय," मनोहर हसून म्हणाले, "चित्र काढून राह्यली. तुमचा तलाव घरी घेऊन जाते म्हन्ते."

"सारा?" ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. हे मुद्दाम लिहिते. कारण ते सुख कुणाच्या जिवावर होतं, ते माझं मला ठाऊक आहे. मी चित्र काढायची आणि ते वाट पाहायचे — झाडाखाली आडवे होऊन, ट्रान्झिस्टर छातीवर ठेवून. कधी कुरकुर नाही. ऊन माझ्या कागदावर आलं तर उठून छत्री धरायचे.

मग एका उन्हाळ्यात ते म्हणाले, "एक कागद मलेही दे ना. बसून बसून जीव उबला."

मी दिला. खूश होऊन दिला. हसून, लहान मुलाला द्यावा तसा.

पुढचे काही रविवार ते माझ्याशेजारी बसून काढत होते. मी फारसं पाहिलंही नाही. आणि मग तो तलाव — कसं सांगू? मी शिकलेली बाई. मला पुढचं, मधलं, मागचं सगळं नीट मांडता यायचं. माझी झाडं स्वच्छ असत, आभाळ निळं असे. त्या दिवशी दुपार होती, पाण्याकडे पाहवत नव्हतं. मी पाणी रंगवत बसले. मनोहरनी पाणी रंगवलंच नव्हतं. कागद कोरा सोडला होता. पाळीची, तलावाच्या बांधाची, एक काळपट रेघ, तिच्याखाली म्हशींची डोकी, आणि वर माझ्या ब्रश धुतलेल्या पाण्यातूनच केलेलं मातकट, धुरकट आभाळ. वैशाखात आपल्याकडे आभाळ असतंच तसं. इतकी वर्षं मी त्याच्याखाली बसून निळा लावत होते.

त्यांच्या कागदाकडे पाहताना माझे डोळे दिपले. खरंच दिपले.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

इथंच थांबले असते तर? पण नाही थांबले.

थंडीत माझे नागपूरचे सर आमच्या गावी परीक्षक म्हणून आले. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मनोहरची नेमकी निवडणुकीची ड्यूटी लागली होती, पार धानोऱ्याकडे. निघताना बूट घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सरायले दाखोशीन तेव्हा माझं एखादं ठेवशीन का मधात? नाव नको सांगू. हासतीन ते."

ठेवलं मी. तेवढं खरं वागले. दिवाणावर सगळी चित्रं मांडली. सर माझ्या चित्रांवरून हळूहळू पुढे गेले — छान, छान, हात बसलाय तुझा. तलावापाशी आले आणि बोलायचे थांबले. चित्र उचलून दाराच्या उजेडात गेले. किती वेळ तिथंच उभे. जेवण निवत होतं.

"हे तुझं नाही," ते म्हणाले.

"यांचं आहे. सहज काढतात."

"सहज नाही गं हे. यांना थांबू देऊ नकोस. आणि शिकवू तर मुळीच नकोस. अशी चारपाच झाली की नागपूरला घेऊन या दोघं. मी बोलतो लोकांशी. त्यांना सांग, मी मुद्दाम निरोप ठेवलाय."

हो म्हटलं मी. वाढायला उठले.

मनोहर परत आले ते धुळीनं माखून. पाय धुतले, चहा घेतला, धानोऱ्याकडच्या रस्त्यांचं सांगितलं, तिकडच्या शेकोट्यांचं सांगितलं. चहाचा कप खाली ठेवल्यावर मग —

"सरायनं पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग?"

"म्हणाले, विरंगुळा म्हणून ठीक आहे. बाकी काही नाही त्यात."

असंच, या शब्दांत. आधी ठरवलं होतं का? नाही म्हणायचा मोह होतो. पण ठरवलं होतं. सर गेल्यापासून मी तेच वाक्य मनात घोळवत होते, कसं म्हटलं की खरं वाटेल, ते पाहत होते. घरात, गावात, सगळ्यांच्या लेखी मी चित्रकार होते. दुसरं कुणी व्हायला नको होतं. एवढंच.

ते हसले. "मले वाटतच होतं. पन खरं सांगतलं त्याइनं, हे बेस झालं." उठून त्यांनी तलावाचं चित्र आणलं आणि माझ्यापुढे उलटं ठेवलं. "मागची बाजू कोरी आहे. तुह्या कामी येईन."

आणि मी ती कामी आणली. शाळेत मुलींना रंगचक्र काढून दाखवलं त्या कोऱ्या बाजूवर. तो कागद शाळेतच कुठंतरी गेला.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो, नेहमीसारखेच. त्यांनी ट्रान्झिस्टर घेतला होता. पुढे सर एकदा नागपुरात भेटले. त्यांनी विचारलं, "मिस्टर काढतात ना?" मी म्हणाले, "त्यांना वेळच नसतो हो." आता सर हयात नाहीत. ते काय म्हणाले होते, हे जाणणारी मी एकटी उरले.

मागच्या हिवाळ्यात मुलगी सुट्टीत आली, तेव्हा आम्ही तिघं वैनगंगेवर गेलो. ऊन कोवळं होतं. पलीकडच्या काठावर कुणी वाळूत कलिंगडं लावली होती. मी रंग मांडले. मुलीनं एक कागद बाबांच्या मांडीवर ठेवला.

"नाई बाई, मले नाई जमत," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं नाही जमत?"

"मोठ्या मानसानं सांगतलं. तुह्या आईचे सर होते, नागपूरचे." आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली, मजेत, सरांचं कौतुक करत. बिचारे तोंडदेखलं नाही बोलले, म्हणाले. शेवटी माझ्याकडे हात केला. "विचार आईले. तिच्यासमोरच म्हनले होते."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "हो, आई?"

मी मान हलवली. हो म्हणाले.