आईचं सरकार

आमच्या घरात दोन सरकारं होती. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, ते खादीच्या बाजूचे. आई इंग्रजांच्या राजाच्या बाजूची. खादी घालून बाहेर पडलं तर नोकरी जाईल अशी वडिलांना भीती, म्हणून ते ती घरातच घालायचे. त्यामुळे त्यांचा देशाभिमान शाळा सुटल्यावर सुरू व्हायचा. आईची राजनिष्ठा दिवसभर चालू असे. बाहेरच्या खोलीत क्रुसावरच्या प्रभूच्या तसबिरीशेजारी कॅलेंडरातून कापलेलं राजा-राणीचं चित्र होतं आणि आई दोन्ही एकाच फडक्यानं पुसायची.

तिचं म्हणणं सरळ होतं. मिरजगावच्या बाजूच्या तिच्या गावात तिच्या आजीला विहिरीवर पाणी भरू देत नसत. पुढे मिशनची शाळा आली, आई वाचायला शिकली, नगरला आली. वडील देशाचं काही बोलायला लागले की ती चुलीपुढूनच विचारायची, "हे तुमच्या देशानं केलं व्हय?" वडील शाळेच्या वह्या पुढे ओढायचे.  

थोरला भाऊ लष्कराच्या कॅम्पात मोटार चालवायला शिकला आणि फौजेत ड्रायव्हर म्हणून मलायात गेला. आईनं डबाभर शेंगदाण्याची चटणी दिली आणि राजाला सांभाळ म्हणाली. राजानं त्याला सांभाळावं हे सांगायची तिला गरज वाटली नाही. ते ठरलेलंच होतं.

मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. काही महिन्यांनी सरकारी कागद आला की मुलगा बेपत्ता आहे.

"बेपत्ता म्हंजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे कुठं आहे ते त्यांना माहीत नाही."

"राजाला म्हाईत न्हाई?"

वडिलांना एरवी असा प्रश्न आवडला असता. त्या दिवशी ते कागद घेऊन परसात गेले.

त्याच पावसाळ्यात देशाचे मोठमोठे पुढारी नगरच्या किल्ल्यात आणून कोंडले. कुठं ठेवलंय ते गुपित होतं, म्हणजे सगळ्या नगराला माहीत होतं. वडिलांना वाटलं, आई म्हणेल बरं झालं. आईनं विचारलं, "त्यांना जेवायला काय देत्यात?"  एवढा देशभक्त माणूस, आणि त्याला एवढंही ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं.

चर्चमध्ये मंगळवारी बायकांची प्रार्थनासभा भरायची. पाळीपाळीनं एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे आमचीही हीच विनंती, असं आम्हाला शिकवलेलं. आई घरी कशीही बोलो, प्रार्थना शुद्ध भाषेत करायची. देवाला अशुद्ध कळत नाही असा तिचा समज असावा. त्या मंगळवारी तिची पाळी होती. मी तिच्याशेजारीच बसले होते. नेहमीप्रमाणे तिनं राजाला आरोग्य मागितलं, त्याच्या फौजेला जय मागितला. मग त्याच सुरात म्हणाली, "आणि हे बापा, आमच्या किल्ल्यात जे बंदिवान आहेत त्यांना वेळेवर गरम अन्न मिळो, त्यांना कोणी मारहाण न करो, आणि त्यांना लवकर आपापल्या घरी पोहोचव."

"आमेन," बायका म्हणाल्या.

सवयीनं म्हणाल्या. डोळे उघडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय मागून बसलो. त्यांच्यातल्या निम्म्या तरी सरकारी नोकरांच्या बायका होत्या. पण आमेन परत घ्यायची आमच्यात सोय नाही. सभा संपल्यावर चहा न घेता सगळ्या घरी गेल्या.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, "बाई, राजाच्या फौजेला जय मागायचा आणि राजाचे कैदी सोडवायचे, हे एका प्रार्थनेत बसत नाही."

"माझा पोरगा तिकडं कुनाच्या तरी कोंडवाड्यात हाय," आई म्हणाली. "तिथल्या बायांनी तोंडं मिटली तर त्याचं कसं व्हायचं? पेरल्याबिगर उगवत न्हाई, पाळकसाहेब."

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि पावसाविषयी बोलून गेले. वडील मात्र हरखले. आई चळवळीत आली असंच ते धरून चालले. "मला तुमच्या स्वराज्याचं काय न्हाई," तिनं त्यांना बजावलं, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू काही जाईना.

पुढे बाजारात बातमी आली की तिकडे पकडलेल्या आपल्या शिपायांची वेगळी फौज उभी राहिली आहे, आणि ती राजाशीच लढणार आहे. भाऊ त्यात असणारच, असं वडिलांनी ठरवून टाकलं. आई भडकली. "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर बंदूक धरंल व्हय माझा पोरगा?" मग बराच वेळ ती भाकऱ्या थापत राहिली. राजाच्या फौजेला जय मागावा तर तो पोराच्या अंगावर जायचा, आणि त्या दुसऱ्या फौजेचं तर तिला नावही नीट येत नव्हतं. पुढच्या पाळीला तिनं एवढंच मागितलं, की लढाई संपव. कोण जिंकावं ते देवावर सोडलं. राजा-राणी भिंतीवरून उतरून ट्रंकेत गेले. का, असं विचारल्यावर म्हणाली, "धूळ लई बसती."

किल्ल्यातले सुटले. किल्ल्यातले सुटले. "हितली सुटली, आता तिकडची सुटत्याल," आई म्हणायची. हा तिनं देवाशी केलेला व्यवहार होता आणि तिची बाजू तिनं चोख पाळली होती.

एका दुपारी पारनेरकडचा एक माणूस घर विचारत आला. भावाच्या तुकडीतला होता. अंगावर मांस नव्हतं. आईनं आधी त्याला जेवायला वाढलं, तो जेवेपर्यंत काही विचारलं नाही.

"तिकडं जेवायला काय द्यायचे?"

"भात."

"भाकर?"

"न्हाई, आई. भातच. त्योबी मूठभर."

"त्याचं भातानं पोट भरत न्हाई," आई म्हणाली. मग विचारलं, "त्यो शेवटाला कुनाच्या फौजेत हुता?"

"ती फौज उभी ऱ्हायच्या आदीच गेला. पैल्याच पावसाळ्यात. ताप हुता. रबराच्या झाडांत पुरला आमी. झाडं समदी सारकीच, निशानी काय ठिवता आली न्हाई."

म्हणजे आई एवढी वर्षं बाजू बदलत होती तेव्हा तो कुठल्याच बाजूला नव्हता. मला राजाचा राग आला, जपान्यांचा आला, वडिलांच्या खादीचाही आला. आईला कुणाचाच येत नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला. त्यानंतर ती मंगळवारी सभेला जायची, पण पाळी आली की शेजारणीला खूण करायची.

स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी शाळेच्या मैदानात झेंडा लागला. वडील पहिल्यांदा खादी घालून रस्त्यानं चालले. आई येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. लोक जयजयकार करून खाली बघायला लागले तरी ती वर बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.  "शेवटी तुलाही देश कळला," वडील म्हणाले.

परतताना आईनं विचारलं, "आता सरकार आपलं झालं म्हंजे मराठीत पत्र लिवलं तर वाचत्याल ना?"

"वाचतील की."

"मंग लिवा. पोराला कुठं पुरलाय ते इचारा."

वडिलांनी अंगावरची खादी न उतरवता पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे रॉकेल मिळेना, साखर मिळेना, आम्ही सगळे सरकारला नावं ठेवायला लागलो, वडीलसुद्धा. आई मात्र ऐकून घ्यायची नाही. "नवं हाय अजून," म्हणायची, "त्याला हुडकायला येळ लागंल." पोस्टमन यायच्या वेळी ती उंबऱ्यावर बसलेली असायची, आणि आत कुणी सरकारविरुद्ध बोललं तर तिथूनच झापायची.