सहा सायकलींची गाडी

उमरग्यात सायकल चालवणारे लोक दोन प्रकारचे आहेत. ज्यांना दुसरं काही परवडत नाही ते एक, आणि ज्यांना डॉक्टरनं सांगितलंय ते दुसरे. आम्ही सहा जण दुसऱ्यातले. पहिल्यातले लोक सकाळी दुधाच्या कॅन लटकवून आम्हाला आरामात मागं टाकतात आणि वळून बघून हसतात. आम्ही मात्र त्यांना सायकलपटू मानत नाही, कारण त्यांच्याकडं हेल्मेट नसतं.

आम्हा सहांना या नादाला लावलं सरांनी. सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे निवृत्त क्रीडाशिक्षक. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढं त्याच शाळेत गणित शिकवायला लागलो, त्यामुळं वयाची पन्नाशी आली तरी ते मला ‘ए पोऱ्या’ म्हणतात. एका सकाळी मी हायवेच्या कडेनं धापा टाकत फिरत होतो. सायकलवरून चाललेले सर थांबले, माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाले, “ह्ये काय करून ठिवलंस?” पंधरा दिवसांत मी सायकल घेतली. बाकीचे पाचही असेच अपमान करून गोळा केलेले. त्यात एक दाताचे डॉक्टर, एक तहसीलमधले कारकून, उरलेले तिघं व्यापारी. दर रविवारी सर पुढं, आम्ही मागं. येणेगूरपर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि यायचं. जाताना जेवढी चरबी जळायची, तेवढी भजी आम्ही तिथंच खायचो.

मग सरांची बायपास झाली. सायकल बंद, लांबचं ड्रायव्हिंगही बंद. सरांनी निकाल ऐकून घेतला, एवढंच. पण एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळूच म्हणाल्या, “अजून पहाटं पाचला उठतेत बघा. बूट घालून ओट्यावर बसतेत. उजाडलं की काढून ठिवतेत.” मी चहा चांगला झालाय म्हणालो.

त्याच सुमारास आमच्यात सोलापूरच्या शंभर किलोमीटरच्या सायकल फेरीचं वारं शिरलं. आदल्या वर्षीही आम्ही गेलो होतो, पण सायकली पाठवल्या होत्या भाजीच्या पिकअपमधून. डॉक्टरांच्या सायकलीवर कोथिंबिरीच्या गोण्या पडल्या. ती सायकल परदेशी, वजनाला करंगळीवर तोलावी अशी. महिनाभर तिला कोथिंबिरीचा वास येत होता म्हणे. तो वास आला की डॉक्टर दुःखानं डोळे मिटत. यंदा स्वतःची गाडी पाहिजे, असं ठरलं.

गाडी सरांनी दिली. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेच्या पोरांची ने-आण करायला एक बारा सीटची जुनी व्हॅन घेतली होती. ऑपरेशनपासून ती दारात उभी होती आणि मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. सर म्हणाले, “न्या. काय कापाकापी करायची ती करा. अट एकच हाय. सोलापूरला मला संगं न्यायचं. सायकल न्हाय तर न्हाय, रस्त्यानं पोरं पळताना तरी बघतो.”

“न्यायचं म्हणजे काय सर! तुमच्याशिवाय आम्ही जाऊच कसे?” आम्ही सहाही एका सुरात म्हणालो. इतकं एकमत आमच्यात भजीच्या बाबतीतही कधी झालं नव्हतं.

गाडीचा आराखडा अर्थातच माझ्याकडं आला. गणिताचा मास्तर घरचा असताना बाहेर कशाला जायचं! मी सहाही सायकलींची लांबी, उंची, हँडलची रुंदी, पेडल किती बाहेर येतं, सगळं टेपनं मोजलं. आलेख कागदावर रंगीत पेन्सिलींनी गाडी काढली. एक सायकल तोंड पुढं करून, दुसरी तोंड मागं करून, म्हणजे हँडलला हँडल लागणार नाही. डॉक्टर तो कागद बघून म्हणाले, इंजिनिअरला जमणार नाही असं काम आहे. मलाही तसंच वाटत होतं. त्या कागदावर माणूस मात्र एकही नव्हता. माणूस मोजायचा असतो हे मला सुचलंच नाही. मी लहानपणापासून माकणी गावाला काळी-पिवळी जीपनं जात आलोय. तिच्यात नऊची जागा असते आणि सतरा बसतात. वर ड्रायव्हर स्वतः दारात लोंबकळून विचारतो, “अजून कोन हाय का?” आमच्याकडं सामानाला जागा लागते. माणसाला ‘ॲडजस्ट’ लागतं.

वेल्डरही याच मताचा निघाला. हायवेकडेला त्याचं शेड, धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेळ्यांच्या गाड्यांना जाळ्या करायचा. माझा रंगीत कागद त्यानं उलटसुलट बघितला आणि ग्राइंडरखाली ठेवला, उडू नये म्हणून. मी बिचकत विचारलं, “बसायचं कसं जमवायचं?” तो म्हणाला, “माणसाचं काय घेऊन बसलाव सर! सायकलीचं बोला.” मग त्यानं ट्रॉलीला वापरतो तसले जाडजूड अँगल काढले. मी म्हणालो, “अहो, सायकल नऊ किलोची आहे.” तो म्हणाला, “असू द्या की. हलायचं काम न्हाय.” पुढं आमच्या सहा सायकलींच्या तिप्पट वजनाचं लोखंड गाडीत चढलं आणि ते खरोखर हललं नाही. गाडीही चढावर फारशी हलत नव्हती, पण तो दोष त्यानं इंजिनावर ढकलला.

सुरुवातीला ठरलं होतं, मागच्या दोन रांगा काढायच्या. पुरेल असं कागद सांगत होता. पण डॉक्टर म्हणाले, सायकलीचं पुढचं चाक काढायचं नाही, तिला सवय नाही. डॉक्टरांच्या सायकलीला ही मुभा म्हटल्यावर कारकुनांच्या सायकलीनं काय घोडं मारलंय? सगळ्या सायकली सहकुटुंब, चाकांसकट उभ्या राहिल्या. आणखी दोन सीट गेल्या. ज्याची त्याची बायको घरातली एकेक गोधडी घेऊन आली आणि सायकली गोधड्यांत गुंडाळल्या गेल्या. बाक मात्र तसाच, मूळचा रेक्झिन फाटलेला, बुडाला स्प्रिंग टोचणारा. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

शेवटी पुढं ड्रायव्हर आणि दोघं, मागं एक बाक, आणि दाराजवळ एक सुटी सीट उरली. ही सुटी सीट सरांची, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. नेमकं माझ्याच सायकलीचं हँडल त्या सीटच्या पाठीला घासत होतं. हँडलच्या रंगाचा पापुद्रा निघाला होता, अर्ध्या नखाएवढा. मी वाकून बघितलं, बोट फिरवलं. वेल्डर पाना घेऊन उभाच होता. “काढू का?” त्यानं विचारलं. मी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालो, “काढा. बाकावर ॲडजस्ट करू.” चार नट निघायला असा कितीसा वेळ लागतो!

दुसऱ्या दिवशी सर गाडी बघायला आले. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली. वेल्डिंगवर बोटानं टकटक करून म्हणाले, “पक्कं झालंय.” आम्ही सहाही सायकली चढवून, उतरवून, परत चढवून दाखवल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं चढवून बघायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. दाराजवळ गाडीच्या तळाला नटांची चार भोकं उघडी होती. सर त्यांच्याकडं बघत थोडा वेळ थांबले.

निघायचा दिवस शनिवार, दुपारची वेळ. गाडी स्टँडच्या समोर लावली होती. पुढं भाड्यानं आणलेला ड्रायव्हर, शेजारी डॉक्टर आणि कारकून. मागच्या बाकावर आम्ही चौघं. तो बाक तिघांचा, आणि आम्ही चौघं मिळून साडेपाच जणांचा ऐवज. पायाखाली पिशव्या, पंप, केळीच्या फण्या. मान वळवायची तर शेजाऱ्याला सांगून वळवावी लागत होती. आणि सर आले. ग्रुपचा पिवळा टी-शर्ट इस्त्री करून घातलेला, हातात पिशवी. पिशवीत औषधं, पाण्याची बाटली आणि काकूंनी बांधून दिलेला डबा. ते दारापाशी येऊन आत बघत उभे राहिले.

मग डॉक्टर पुढून म्हणाले, “सर, बायपास झालेल्या माणसानं एवढ्या दाटीत बसणं मेडिकली बरोबर नाही.” दाताच्या डॉक्टरांना काळजाचं एवढं कळतं हे मला त्या दिवशी समजलं. कारकून म्हणाले, “पुढच्या वेळी सर. पुढच्या वेळी सीट बसवूनच घेऊ.” एकानं “उन्हाचं तुम्हाला दगदग” असं काहीतरी पुटपुटलं. मी मोबाईलमध्ये रस्ता बघत होतो. उमरग्याहून सोलापूरला सरळ हायवे जातो, बघायचं काही नसतं.

सरांनी पिशवी खाली ठेवली. शाळेत आम्हाला रांगेत उभं करून म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, “आकडे म्हणा.”

आम्ही म्हणालो. काय करणार, तो आवाज ऐकला की तोंड आपोआप उघडतं. डॉक्टर “एक”, कारकून “दोन”, बाकावरून “तीन”, “चार”, “पाच”. मी “सहा”. ड्रायव्हर बिचारा नवा, त्याला वाटलं ही आमची काहीतरी पद्धत असावी. तो म्हणाला, “सात.”

सर रस्त्यावर उभे होते. ते म्हणाले, “आठ.”

त्याच वेळी समोरच्या स्टँडातून सोलापूरची एसटी बाहेर पडली. अर्धी रिकामी होती, खिडकीतल्या मोकळ्या सीटा मला बसल्या जागी दिसत होत्या. दर थोड्या वेळानं एक गाडी सुटते. सायकल माझी गाडीत, मी एसटीत, एवढं साधं होतं. सात-आठचं गणित, पाचवीचं पोरगंही सोडवेल. मला ते सुटलंही होतं. पण बाकावरून उठायचं तर तिघांना हलवावं लागणार होतं, केळी तुडवली गेली असती, आणि मी उठलो असतो तर बाकीच्यांनाही वाईट वाटलं असतं. अशी लई कारणं मला एकदम सापडली. मी बसून राहिलो.

“जावा,” सर म्हणाले. “हळू जावा. चढाला घाई करू नगा.” डबा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. दार माझ्या बाजूला होतं, म्हणून ओढूनही मीच घेतलं.

डब्यात शेंगांच्या पोळ्या होत्या. आम्ही त्या नळदुर्गच्या अलीकडंच संपवल्या आणि सगळ्यांनी काकूंच्या हाताचं कौतुक केलं. फेरी छान झाली. सहाही जणांना गळ्यात घालायला पदकं मिळाली, फोटो निघाले. मोबाईलच्या ग्रुपवर फोटोखाली डॉक्टरांनी लिहिलं, ‘सरांच्या आशीर्वादानं’. मीही त्याला अंगठा दाखवला.

रविवारी संध्याकाळी गाडी सरांच्या दारात लावली. ते ओट्यावर बसले होते. पायात बूट होते. उठून आले, एकेका सायकलीवरची गोधडी बाजूला करून बघितली, कुणाला खरचटलं का विचारलं. माझ्या हँडलवरून हात फिरवून म्हणाले, “रंग चांगला ऱ्हायलाय की.” मला तेव्हा जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. मग त्यांनी आमच्याकडं एक नजर टाकली आणि विचारलं, “सगळे आले का?”

“आले सर, सगळे आले,” डॉक्टर म्हणाले.

सरांनी मान हलवली. आकडे म्हणायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहा म्हणून न थांबता मी आठपर्यंत गेलो असतो, असं मी अजून स्वतःला सांगत असतो.