टाकव्याच्या कोल्ड रूमचा आकडा

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्यांना व्हेरिएबल मी शिकवतो. हातात खडू नसला तरी आवाज मास्तरांचाच. मावळातल्या गुलाबवाल्यांच्या कोल्ड रूम आम्ही तळेगावात बसून एका कॉम्प्युटर टूलवरून चालवतो. प्रत्येक खोलीच्या सेटिंगची फाइल वेगळी, तिला आम्ही एन्व्हायर्नमेंट म्हणतो. "त्या फाइलीत तापमानाचा आकडा कधी लिहायचा नाही," मी बजावतो, "व्हेरिएबलचं नाव लिहायचं. आकडा एकाच मुख्य फाइलीत. तिथं बदलला की सगळीकडे बदलतो."

टाकवे बुद्रुकच्या फाइलीत मी स्वतः नावाऐवजी थेट बारा अंश लिहून ठेवले होते. खोली रिकामी होती, मला भूक लागली होती, 'नंतर नीट करू' म्हटलं.

फुलं भरायची वेळ आली तेव्हा मुख्य फाइलीत बाराचे तीन केले. सगळ्या खोल्या गार झाल्या, टाकव्याची सोडून. बाहेरचा दिवा मात्र हिरवाच, कारण यंत्राला बारा सांगितले होते आणि आत बारा होते. दोन दिवसांत तिथल्या मालकांच्या कळ्या विकायच्या आधीच उमलून बसल्या. यंत्र तर ठीक दिसत होतं, तेव्हा खोलीची किल्ली ज्या मावशींकडे असायची त्यांनीच दार उघडं टाकलं असणार, असं ठरलं. किल्ली काढून घेतली आणि त्यांना खुरपणीला लावलं.

चूक मला तिसऱ्याच दिवशी सापडली. ती ओळ मी गुपचूप सुधारली आणि गप्प बसलो. चांगले पंधरा दिवस. त्या दिवसांत घरी इतका गुणी झालो, न सांगता भाजी निवडायला लागलो, की बायकोला संशय आला.

"अहो, काय करून बसलाय?"

सांगितलं. तिनं हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे चूक तुमची आणि खुरपं त्या बाईच्या हातात?"

रविवारी टाकव्याला गेलो. मावशी गुलाबाच्या वाफ्यात बसल्या होत्या. मी सवयीने व्हेरिएबलपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"सायेब, त्ये मला कळत न्हाई. दार मी लावलं व्हतं का न्हाई, येवढंच सांगा."

"लावलं होतं, मावशी. चूक माझी होती."

"मी बी तेच सांगत व्हते. पन समदीच म्हनाया लागली, तवा मलाच वाटलं, इसरले आसंल. वय झालं." त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "मालकास्नी सांगितलं का?"

"अजून नाही."

"मग आधी तितं चला."

त्या पुढे, मी मागे. मालकांनी ऐकून घेतलं. "तुमच्याशी नंतर बोलतो," एवढंच मला म्हणाले आणि खिशातली किल्ली काढून मावशींच्या हातात दिली.

मावशींनी कोल्ड रूम उघडून आत पाहिलं, दार लावलं, कडी ओढली. चार पावलं चालल्या, परत फिरल्या, पुन्हा ओढून पाहिली.

"लागलंय, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्यांदा कडी ओढली.