मीठभात

आमच्या घरी अजूनही सांगतात, की एका हिवाळ्यात जावयापायी सगळ्यांना वैनगंगेच्या काठावर मीठभात खावा लागला. ते खरं नाही.

धानाची मळणी आटोपली की आमचं घर एक दिवस मासे धरायला नदीवर जायचं. सोबत तांदूळ, तेल, वाटलेला मसाला. डाळ-भाजी न्यायची नाही. नेली तर मासा रुसतो, असं आई म्हणायची. कधी निघायचं, कुठल्या डोहावर बसायचं, हे वडील मला विचारत. पहिल्या माशाचं डोकं माझ्याच ताटात पडे.

ऐंशी सालानंतर बहिणीचं लग्न झालं. त्या हिवाळ्यात खळ्यावर वडील म्हणाले, "जवाईबुवा, यंदा तुमी सांगा, कवा निघाचं?"

मी शेजारीच गळ बांधत होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जावई कापसाच्या मुलखातला, त्याच्या गावाला नदीच नाही. पण त्याने चंद्रपूरहून नायलॉनची दोरी आणली होती आणि वडील ती येईल त्याला दाखवत होते. माझ्या सुताच्या दोरीला कधी कोणी हात लावला नव्हता.

थोड्या वेळाने त्याने मला तणसाच्या ढिगामागे गाठलं. "भाऊ, मले यातलं काई समजत नाई. मासा कवा लागते?"

थंडीत मासा तळाशी दडून असतो, ऊन तापल्यावर वर येतो, हे मला पक्कं माहीत होतं.

"सकायीच," मी म्हणालो. "धुक्यात. ऊन तापाच्या आत परत."

त्याने तसंच सांगितलं. वडिलांच्या कपाळाला आठी पडली, पण जावयाचा शब्द मोडायचा कसा?

सकाळभर एक गळ हलला नाही. पोरं भुकेने रडायला लागली तेव्हा आईने नुसता मीठभात वाढला.

"जवाईबुवा, मासे झोपूनच राह्यले का जी?" काकूने टोमणा मारला. सगळे हसले. बहीण मान खाली घालून बसली.

त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. आता हा माझं नाव सांगतो, असं मला वाटलं.

"माह्या नशिबातच नाई, काकू," तो म्हणाला आणि हसला.

वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हातही मला सहन झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात वडिलांनी मला विचारलं. मी दुपार सांगितली. टोपली भरली, डोकं माझ्या ताटात आलं. जावई शेजारीच बसला होता. त्याने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"घ्या ना, भाऊ."