लांब बघायची सवय

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ताई एकोणीस वर्षं मशीनवर काचा घासत होत्या. मायनस-प्लसचं गणित त्यांच्या बोटांत होतं, कागदावर मात्र कुठेच नव्हतं. आणि नव्या नियमाला कागदच हवा होता: सहा महिन्यांत प्रमाणपत्र आणा, नाहीतर मशीनला हात लावू नका, पुढे बसून फ्रेम विका. नियम करणाऱ्यांचं काय जातं? ताईंची तर शाळा सुटून पंचवीस वर्षं झाली होती.

वर्ग दोन तऱ्हेचे होते. ऑनलाइन घेतला तर दुकान चुकत नव्हतं. प्रत्यक्ष वर्गात पेपरही तिथेच बसून द्यायचा होता, पण त्यासाठी मंगळवारी नि शुक्रवारी चारलाच निघावं लागणार, आणि ते काकांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, विचारायची ताईंची छाती होत नव्हती. कोणता वर्ग ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"ऑनलाइनच घे, वहिनी," नणंद म्हणाली. तिनेच कालच्या सुट्टीत अभ्यासासाठी मोबाइलवरचं एक नवं साधन दाखवलं होतं. प्रश्न बोलून विचारला की ते न वैतागता तीन-तीनदा समजावायचं. ताईंना ते आवडलंही होतं. शाळेतल्या कुठल्याच बाईंनी इतक्या धीराने घेतलं नव्हतं. घोडं अडलं ते परीक्षेपाशी. घरून पेपर द्यायचा तर कॅमेरा डोळ्यांत तेल घालून बघत राहणार, आणि नजर पडद्यावरून तीनदा हटली की पेपर बंद.

दुकानात जायच्या आधी ताई सराव परीक्षेला बसल्या. पहिलाच प्रश्न वाचून विचार करताना नजर खिडकीबाहेर गेली. पहिली ताकीद. नणंदेने खिडकीवर चादर टांगली, तर नजर चादरीकडे गेली. दुसरी ताकीद. मग ताईंनी डोळे असे ताणून धरले की पाणी वाहायला लागलं, आणि झोपेतही देता आलं असतं ते उत्तर चुकलं. पुढच्या प्रश्नाला मान वर झालीच. पडद्यावर लाल पाटी आली: परीक्षा रद्द, गैरप्रकाराचा संशय.

"कॉपी करतेस होय गं?" नणंद हसली. ताईंना हसू आलं नाही. खऱ्या परीक्षेत हे झालं तर मशीनही जाणार आणि वर चोरीचा शिक्का. त्यांनी काकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी एवढंच विचारलं,

"लांब बघितलंस?"

"सवय आहे, काका."

"मीच लावली ती. एक काच झाली की लांब बघ, डोळे जातील, म्हणून किती ओरडलोय तुझ्यावर."

"हो."

"मग जा वर्गाला. चारला नीघ. ते दोन दिवस मशीनवर मी बसेन."

ताई "बरं" म्हणाल्या. गेल्या वर्षी काकांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून ते मशीनजवळ आले नव्हते. त्याबद्दल ना ते कधी बोलले होते, ना ताई.