राजीखुशीवाले चाचा

"वाचनारा कोन?"

पत्र लिहून घ्यायला माणूस समोर बसला की चाचांचा पहिला प्रश्न हाच. कुणाला लिहायचं, काय लिहायचं, हे सगळं मागाहून. समोरचा गाडीवान बिचारा रस्ताभर मजकूर मनात घोळवत आलेला असे. तो गोंधळून म्हणे, "मायी माय हाये ना गावाले, तिले लिवाचं हाये." चाचा हातातला बोरू खाली ठेवत. "मायले वाचता येते का? नाई ना? मंग वाचनारा कोन, थे सांग पहिले."

तेव्हा आमच्या वऱ्हाडात घरटी वाचणारा माणूस कुठून असणार? पत्र बायकोच्या नावाचं असलं तरी ते वाचायचा कुळकर्णी, तेही ओट्यावर बसून, खणखणीत आवाजात, आणि भोवती अर्धं गाव गोळा झालेलं. चाचा त्या आवाजासाठी लिहीत. सासराच वाचणार असेल, तर 'बायकोची याद येते' याचं ते 'घरच्या भाकरीची याद येते' करून टाकत. शेताच्या धुऱ्यावरून ज्याच्याशी भांडण चालू आहे तोच वाचणारा असेल, तर भांडणाचा शब्दही पत्रात येत नसे. उलट त्याचीच खुशाली आधी विचारलेली असे. "आपल्या तोंडानं कोनी सोताले शिवी वाचते का?" असं ते वर मलाच विचारत.

अमरावतीच्या कापूसबाजारात अडत्यांच्या ओट्यांसमोर एक चिंच होती. तिच्याखाली गोणपाट अंथरून चाचा बसत. पुढ्यात लाकडी पेटी, दौत, वाळूची डबी आणि गव्हाच्या पिठाच्या खळीची वाटी. दाढी मेंदीने लाल केलेली आणि तिच्यात बाराही महिने रुईचे तंतू अडकलेले. मोडी आणि उर्दू दोन्ही लिहीत, पण मोडी इतकी लपेटदार की कुळकर्ण्यांनाही घाम फुटावा. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच, 'येथील सर्व राजीखुशी'. म्हणून सारा बाजार त्यांना राजीखुशीवाले चाचा म्हणायचा.

ते कापसाच्या भरभराटीचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि विलायतेला कापूस मिळेनासा झाला होता, एवढंच आम्हांला ठाऊक. गाडीवानांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. कापूस ज्याच्या दारात त्याची चंगळ, आणि ज्याचा पगार ठरलेला त्याचे हाल. ज्वारी महाग, तूर महाग, तेल तर बघायलाच महाग. मी सरकारी मराठी शाळेत मास्तर. लग्न होऊन गेलेलं, पण बायको, यमुना, अकोल्याजवळ माझ्या वडिलांकडे. कारण अमरावतीत दोघांचं पोट भरेल एवढं माझ्या पगारात बसत नव्हतं. वडील निरोप धाडायचे, "बायको पोसवत नसेल तर शाळा सोड आणि घरी ये." मला शाळा सोडायची नव्हती आणि बायकोवाचून राहायचंही नव्हतं.

म्हणून शाळा सुटल्यावर करता येईल असं काही लिहिण्याचं काम मिळतं का, ते पाहत मी बाजारभर हिंडलो. अडत्यांकडे पिढीजात मुनीम होते. कचेरीपुढे अर्जनविसांची रांग बसे. तिथे नुसता उभा राहिलो तर एकाने माझी दौत लाथाडली. शाईचे डाग पडलेलं धोतर घेऊन मी चिंचेखाली आलो तेव्हा माझं तोंड बहुधा रडवेलं झालं असावं.

"रडता काऊन मास्तर?" चाचा म्हणाले, आणि गोणपाटावर बाजूला सरकले. "बसा."

आपल्या जागेतली अर्धी जागा अनोळखी माणसाला देणारा लेखनिक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पण जागा दिली म्हणून सवलत नाही. माझ्या पहिल्याच पत्रात मी मोठ्या थाटात 'उभयकुशलोपरी विशेष' असं लिहिलं. चाचांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग समोरच्या गाडीवानाला विचारलं, "समजलं का रे काई?" गाडीवानाने घाबरून मान हलवली. "मास्तर, हे आयकून मायले समजन का, पोरगा जिता हाये का नाई?" मी चिडलो. शाळेत पोरं माझ्यापुढे चळाचळा कापत आणि हा बुवा भर बाजारात माझीच परीक्षा घेतोय! पण कागद फाडला आणि पुन्हा लिहिला.

नवशिक्याने कोणतं काम घ्यावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. "पयल्या सालाले राजीखुशीच लिवा. अर्जाले हात नका लाऊ. अर्जात चुकी झाली तं मानसाचं वावर जाते. करारनाम्यात चुकी झाली तं इज्जत जाते. राजीखुशीत चुकी झाली तं काय होते? काईच नाई." हे ते इतक्या निर्धास्तपणे सांगत की मलाही ते पटून गेलं.

मौतीचं पत्र लिहिण्याची त्यांची एक वेगळी रीत होती. तसल्या पत्रातही पहिली ओळ राजीखुशीचीच, फक्त एक शब्द जास्तीचा: 'येथील बाकी सर्व राजीखुशी'. मला ते विचित्र वाटे. घरात माणूस गेलंय आणि हे राजीखुशी लिहून राहिलेत! मी तसं बोललो तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठी आली का आयकनाऱ्याचा जीव साऱ्यांच्यावर उडते. मेला थो एक. बाकीचे जिते हायेत, हे पहिले सांगाव लागते. मंग रडू दे त्याले."

आणि मग ती गोष्ट घडली. हंगामाच्या अखेरीला दर्यापूरकडचा गोंदू नावाचा गाडीवान चाचांकडे पत्र लिहून घेऊन गेला. मी तेव्हा शाळेत होतो. मजकूर साधा: मी सुखरूप आहे, भाडं चांगलं मिळतंय, आणखी एक खेप करून घरी येतो. दिवस कलला होता. चाचांनी पेटीतला वरचा कागद घेतला, लिहिलं, घडी घातली आणि त्याच्या गावाकडे निघालेल्या गाडीबरोबर पत्र गेलंसुद्धा.

खळीच्या वासाने पेटीत उंदीर शिरत. त्या कागदाचा एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता.

आमच्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मौतीचं पत्र. ते कुणी घरात नेत नाही, वाचून होईपर्यंत कुणी थांबतही नाही. त्या गावी पत्र टाकून गाडी पुढे निघून गेली, आणि कुळकर्णी नेमके परगावी गेलेले. वाचणारा नाही, पण कोपरा तर कुणालाही दिसतो. गोंदूच्या आईने अंगणात हंबरडा फोडला. बायकांनी गोंदूच्या बायकोला, सारजाला, धरून आणलं, तिचं कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या. कुळकर्णी परतले, ओट्यावर बसले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, 'येथील सर्व राजीखुशी.' तेव्हा फुटक्या काचा अजून अंगणातच पडलेल्या होत्या.

खेप संपवून गोंदू घरी गेला आणि तसाच उलट्या पावली बाजारात आला. मी तिथेच होतो. "चाचा, जित्या मानसाच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या तुमी!" तो ओरडला आणि मग ओरडता ओरडता रडायलाच लागला. सगळा बाजार गोळा झाला. चाचांनी एवढंच विचारलं, "कोपरा?" मग पेटी उघडून कागदांची चळत काढली आणि एकेक कागद नाकाजवळ नेऊन बोटांनी चाचपू लागले. तेव्हा मला कळलं की चाचांना नीट दिसत नाही. गेलं वर्षभर मी शेजारी बसत होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

त्यांनी उंदरांचं नाव घेतलं नाही, संध्याकाळच्या अंधाराचंही नाही. कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या आणि गोंदूच्याच गाडीत बसून त्याच्या गावी गेले. गोंदूच्या आईने त्यांना अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. बांगड्या ओट्याच्या कडेला ठेवून ते परत आले. आल्यावर मला म्हणाले, "म्या तुमाले सांगतलं होतं ना, राजीखुशीत चुकी झाली तं काई होत नाई म्हनून? झूट होतं थे."

त्यानंतर चाचांपुढे माणूस बसेना. त्यांचा हात अपशकुनी आहे असं बाजाराने ठरवून टाकलं. गिऱ्हाईक यायचं ते थेट माझ्यापुढे, चाचांकडे पाठ करून. "मास्तर, तुमीच लिवा." मला हवं होतं त्याहून जास्त काम मिळू लागलं. यमुनेला आणता येईल इतकं. आणि ते काम हातात घेताना मला शरम वाटे, अगदी स्पष्ट सांगतो. मी थांबलो की चाचाच म्हणत, "घ्या ना मास्तर, थांबता काऊन?" पेटी बंद करून ते शेजारी बसून राहत. कधी जुन्या सवयीने माझ्या गिऱ्हाइकाला विचारत, "वाचनारा कोन?" आणि गिऱ्हाईक ऐकलं न ऐकल्यासारखं करी. ते बघवत नसे. ज्याने मला बसायला जागा दिली त्याचीच जागा माझ्या डोळ्यांदेखत जात होती, आणि ती मलाच मिळत होती.

पुढच्या हंगामाचा पहिला कापूस आला तेव्हा गोंदूच्या गाडीतून एक बाई उतरली. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. ती माझ्यावरून पुढे गेली आणि सरळ चाचांपुढे जाऊन बसली.

"चाचा, मी सारजा. गोंदूची बायको. मायी माय अचलपूरले हाये. तिच्या कानावर गेलं का जावाई मेला म्हनून. निरोप धाडला तं खरं मानत नाई, अजून रडून रायली थे. तिले लिवाचं हाये."

चाचांची मान खालीच. "मास्तर लिवून देतीन, बाई."

"मास्तर नाई." बाईचा आवाज असा की अडत्यांच्या ओट्यावरचे तराजू थांबले. "फोडल्या तुमी. आता भराच्या बी तुमीच."

 चाचांनी पेटी उघडली, बोरू काढला. 

"वाचनारा कोन?"

"मामा वाचतेत. लई जोरात वाचतेत."

"मंग जोरातच लिवतो," चाचा म्हणाले, आणि कागदावर इतके वाकले की दाढी शाईला लागली. लिहून झाल्यावर कागदाच्या चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि तो माझ्या हातात दिला. "कोपरे पाह्य रे." तोवर मी त्यांना 'तुमी' होतो. त्या दिवशी 'तू' झालो, तो कायमचा.

सारजाचं पत्र गेलं आणि बाजाराचा राग हळूहळू उतरला. मग आमची रीतच पडली: चाचा सांगत, मी लिही, आणि घडी घालण्याआधी कागद दोघांच्या अंगठ्याखालून जाई. जे मिळे ते वाटून घेत असू. यमुना दिवाळीला अमरावतीला आली. चाचांकडे पाहून तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "यांची दाढी काळीनिळी काहून?"

मग समुद्रापलीकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव जमिनीवर आला. शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्या एकेक करून सोनाराकडे गेल्या. रेल्वे आली, गाडीवान कमी झाले आणि पत्रंही कमी झाली. चाचा मात्र चिंच सोडून हलले नाहीत. गिऱ्हाईक नसलं की मला शाळेतल्या पोरांची नावं विचारत आणि म्हणत, "शिकव लेकाच्या त्याहिले. घरोघरी वाचनारा होऊ दे. मंग आपुन सुटलो."

एका हिवाळ्यात ते गेले. दफन त्याच दिवशी झालं. त्यांची एकुलती मुलगी, जैनब, बाळापूरला दिलेली. तिचा नवरा विणकर. तिला कळवायचं काम मोहल्ल्याने साहजिकच माझ्याकडे दिलं. मी चिंचेखाली त्याच गोणपाटावर बसलो, कागद घेतला, आणि बोरू टेकवण्याआधी आपसूक मनात आलं: वाचणारा कोण? जैनबला वाचता येत नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही. मोडी वाचणारं त्या गल्लीत कुणीच नव्हतं.

मी पत्र लिहिलं. कोपरा माझ्या हाताने फाडला. मग शाळेतून रजा काढली, बडनेऱ्याला आगगाडीत बसलो, अकोल्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीने बाळापूर गाठलं.

जैनब दारातच होती. "मी अमरावतीचा मास्तर," म्हणत मी पत्र पुढे केलं. तिने पत्र हातात घेतलं, पण उलगडलं नाही. अंगठा कागदाच्या कोपऱ्यावरून फिरला, दुसऱ्यावरून फिरला, आणि तिसऱ्याशी थांबला. ती उंबऱ्यावर बसली. चाचांच्या पेटीशेजारी वाढलेली लेक. तिला काय सांगायचं?

शेजारपाजारच्या बायका जमल्या. थोड्या वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"अब्बा असते तं पहिले काय इचारलं असतं, मालूम हाये ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच वाचणार आहे."

मी ओट्यावर बसलो. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं असा आवाज काढायचा हे चाचांनीच शिकवलेलं. तसाच आवाज काढून मी वाचायला सुरुवात केली, 'येथील बाकी सर्व राजीखुशी,' आणि पुढची अक्षरं मला दिसेचनात.

"वाचा ना मास्तर," जैनब म्हणाली. "मी आयकून रायली."